काकांच्या कबरीवरची टिटवी

मावशीचा फोन आला तेव्हा मी चर्चमध्ये 'देवाच्या सृष्टीची राखण' या विषयावर बोलून नुकतीच घरी पोचले होते. स्टीलचे पेले आणा, कबरीवर प्लॅस्टिकची फुलं वाहू नका, असं बरंच ठासून सांगितलं होतं. कौतुकही झालं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत.

"सुवी, तुह्या काकाच्या मागं हे पहिलंच ईस्टर," मावशी म्हणाली. "कबरीले चुना मारू दोघी. येशीन ना?"

काका म्हणजे तिचे यजमान, त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

पुण्याहून रात्रीची बस, जालना, देऊळगाव राजा आणि सकाळी चिखली. एप्रिलमध्ये जाणार असाल तर रात्रीच निघा आणि डोक्याला रुमाल हवाच, कारण सकाळचं ऊनही चांगलंच चटके देतं. स्टँडबाहेर गाड्यावर गरम आलूबोंडा खाल्ला, सोबतच्या मिरचीनं डोळ्यांतून पाणी काढलं. पुढे गावापर्यंत जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. "ताई, सरका जरासक, आखीन दोघं बसतात." बसले, कसे ते विचारू नका.

गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे कब्रस्तानात जाऊन आपापल्या माणसाची कबर झाडतात, चुना मारतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिथंच उपासना होते. प्रत्येक कबरीवर मेणबत्ती. काकांची कबर अजून कच्चीच आहे, भोवती विटा आणि वर मुरूम. ऊन उतरल्यावर मावशी चुन्याची बादली घेऊन निघाली, मी ब्रश घेऊन मागे.

आम्ही जवळ गेलो आणि टिटवीनं असा काही आरडाओरडा मांडला की बस्स! डोक्यावरूनच झेपावत होती. बघते तर कबरीवरच्या मुरमात तिची चार अंडी, मुरमाच्याच रंगाची.

"हाकल तिले," मावशी म्हणाली.

"अगं मावशी, आपण इथं थांबलो तर ती बसणार नाही. अंडी वाया जातील. यंदा राहू दे ना."

"राहू दे म्हंजे काय?"

"चुना, मेणबत्ती, सगळंच. पिल्लं गेली की करू. तीही देवानंच केलेली ना? देवाला चालेल."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. "तुले टिटवीची दया येते. माही नाही येत काय व?"

तिनं बादली उचलली आणि तशीच घरी परतली. जेवताना भाकरी, झुणका, ठेचा सगळं प्रेमानं वाढलं, पण स्वतः अर्धीच भाकरी खाल्ली. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

पहाटे कब्रस्तान मेणबत्त्यांच्या उजेडानं भरलं होतं. मावशी काकांच्या कबरीपासून दूर, कुंपणाच्या बाभळीखाली उभी होती, हातात न पेटवलेली मेणबत्ती. त्या बाजूनं येणाऱ्या प्रत्येकाला थांबवत होती, "तिकून जा भाऊ, इथी टिटवी बसेल हाय."

"टिटवी कबरीवर? अशुभ व माय!" शेजारची बाई म्हणाली.

"काऊन अशुभ? देवाचंच पाखरू हाय," मावशी फाडकन म्हणाली.

अगदी माझंच वाक्य! मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला खरंच पटलं होतं, की भाचीचा शब्द मोडवत नव्हता म्हणून ती तशी उभी होती? पाळकसाहेब पुनरुत्थानाविषयी वाचत होते, माझं लक्ष मात्र त्या मेणबत्तीकडे. परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात. राखण करायच्या सृष्टीत मावशी येत नाही का? आणि टिटवीला हाकललं असतं तर मला ते सोसलं असतं का? दोन्हीकडून विचार करून डोकं नुसतं भणभणलं.

काही आठवड्यांनी चर्चनं त्याच विषयावर पुन्हा बोलायला बोलावलं. टिटवीचं उदाहरण झकास होईल, म्हणून मी मावशीला फोन लावला.

"पिल्लं निघाली व, तुरूतुरू पळाली," ती हसत म्हणाली. "काल चुना मारला मीनं. मेणबत्तीबी लावली."

"बघ! झालं की नाही सगळं नीट?"

"झालं. पण ईस्टरच्या पहाटे साऱ्याईच्या माणसापाशी उजेड होता, तुहे काका एकटेच अंधारात होते. देवाले चाललं असंन, सुवी. मले नाही चाललं."