शिडाच्या होड्या, ठाण्याचा तलाव आणि गप्प न बसणारा नवरा

नाताळच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली निम्मी कुटुंबं गोव्याला गेली. आम्ही ठाण्याला गेलो. डोंबिवलीहून ठाण्याला जाणं हा काय प्रवास झाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शनिवारी सकाळी मानपाड्याहून निघून शिळफाटा गाठून दाखवावा. गोव्याला गेलेले पणजीत पोहोचतील आणि तुम्ही अजून मेट्रोच्या खांबाशेजारी उभे असाल.

कारण होतं आमची मुलगी, जुई. वय बारा. कथ्थक, अबॅकस आणि स्केटिंग हे सगळं मन लावून सोडून दिल्यावर तिने शिडाची होडी चालवायचा क्लास धरला, आणि कोणाच्याही अपेक्षेविरुद्ध तो सोडला नाही. आता तिची पहिली स्पर्धा होती. शाळकरी मुलांची, दोन दिवस, ठाण्यातल्या एका तलावावर. तलावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे आधीच पार्किंगला जागा नाही.

होडी म्हणजे एक शीड, एक मूल आणि मोठ्या बाथटबएवढी जागा. पाण्यावर गुलाबी फुगे बांधलेले असतात, त्यांना वळसा घालून यायचं. ऐकायला सोपं आहे. माझा नवरा संदीप यालाही ते सोपंच वाटलं. तो एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्ट सांभाळतो, पण दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ पाहून तो आता जागतिक दर्जाचा नाविक झालेला. मुंब्रा बायपासवर ट्रकच्या मागे अडकल्या अडकल्याच त्याने जुईला वाऱ्याचे प्रकार समजावले. जुईने कानात इअरफोन घातले.

तलावाकाठी पोहोचलो तेव्हा सगळ्या होड्या पाण्यात होत्या आणि एकही हलत नव्हती. चारी बाजूंना पस्तीस मजली टॉवर. जाहिरातीत त्यांना ‘लेक व्ह्यू’ म्हणतात. त्यांनी व्ह्यू घेतला तो घेतला, वाराही घेतला. बाकावर मॉर्निंग वॉकचे दोन आजोबा बसलेले.

“काय चाललंय हे?” एकाने विचारलं.

“रेस आहे,” दुसरा म्हणाला.

“मग जात का नाहीत?”

“सरकारी असेल.”

अकराच्या सुमारास टॉवरच्या फटीतून वारा आला. पहिल्या शर्यतीत जुई मधल्या घोळक्यात राहिली. आम्ही ब्रेडपकोडा खाल्ला. (तुम्ही जाणार असाल तर डबा न्या. पकोडा सकाळचा असतो, कोणत्या सकाळचा ते विचारू नका.) दुसऱ्या शर्यतीत मात्र ती चक्क पुढे होती, आणि इथे संदीपला राहवलं नाही. तो काठावरून धावत ओरडला, “जुई, डावीकडे वळ. आत्ता. वारा तिकडे आहे.”

जुई वळली. वारा तिकडे नव्हता. पण प्रश्न तो नव्हताच. बाहेरून कोणी मदत करायची नाही, असा या खेळाचा नियम आहे. बाजूच्या होडीतल्या मुलाने तक्रार केली. मांडवात तीन पंच बसले, त्यांनी जुईला बोलावलं आणि विचारलं, “काठावरून कोणी सांगितलं म्हणून तू वळलीस का?”

जुई म्हणाली, “हो. माझा बाबा होता.”

त्या शर्यतीतून ती बाद. बाहेर आल्यावर संदीप हळूच म्हणाला, “ऐकूच आलं नाही म्हणायचं ना गं.” जुईने त्याच्याकडे असं पाहिलं की मीसुद्धा दोन पावलं बाजूला झाले. मग ती मला म्हणाली, “आई, उद्या बाबा येणार असेल तर मी येणार नाही.” ती हे रडत म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली.

मुलांच्या कोच म्हात्रे मॅडम. बाळकुमच्या. त्यांचे आजोबा खाडीत होडी घालायचे. आता तिथे बिल्डिंगा आहेत आणि नात तलावात होडी घालते. मॅडमनी कमरेवर हात ठेवून संदीपकडे पाहिलं.

“काय ओ, घरी बसून राहाल का उद्या?”

“नाही हो, कसं शक्य आहे?”

“मग माझ्या रेस्क्यू बोटीत बसा. दोर धरायला मानूस पायजे. पन तोंड उघडलंत तर मीच ढकलीन पान्यात.”

जुईने विचार केला. “बोलणार नसेल तर चालेल,” ती म्हणाली.

संदीपला पोहता येत नाही, हे मॅडमना कोणी सांगितलं नाही. तोही बोलला नाही. गप्प बसण्याची सुरुवात त्याने नेमकी तिथून केली.

रविवारी आम्ही शहाणपणाने मोठागाव-माणकोलीच्या पुलावरून गेलो. खाडीवरचा हा पूल छान आहे, डोंबिवली पूर्वेच्या माणसाने फक्त पश्चिमेपर्यंत जिवंत पोहोचायचं असतं. मी रेडिओ लावला, जुईने बंद केला.

दुपारी शेवटच्या शर्यतीला वारा उठला, आणि तो साधा नव्हता. दोन टॉवरच्या मधून एकदम झोत यायचा आणि होड्या आडव्या व्हायच्या. तीन मुलांनी हात वर करून शर्यत सोडली. मग जुईची होडी कलली आणि शीड तिच्या अंगावर पडलं. पाण्यावर पांढरं कापड तेवढं दिसत होतं. जुई दिसत नव्हती.

माझ्या शेजारी एक बाई थर्मासमधून चहा ओतत होत्या. मी त्यांचा हात धरला. कोण, कुठल्या, काही माहीत नाही. त्यांनी तो सोडवला नाही.

मग कापडाच्या कडेने नारिंगी जॅकेट वर आलं. रेस्क्यू बोट तिच्याजवळ पोहोचलेली. पुढचं मला मॅडमनी सांगितलं, कारण काठावर फक्त वारा ऐकू येत होता.

मॅडमनी विचारलं, “येतेस का आत?” आत घेतलं तर शर्यत संपली. जुईने खोकत तोंडातलं पाणी थुंकलं आणि म्हणाली, “नको. मी करते.”

संदीप उठून उभा होता. एक अक्षर बोलला नाही. दोर त्याने इतका आवळलेला की तळहाताला वळ उठले, ते मी नंतर पाहिले.

होडीच्या पोटाखालच्या फळीवर चढून जुईने पूर्ण वजन टाकलं. होडी अर्धी उठली, परत आडवी झाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती सरळ झाली. जुई आत लोळत चढली आणि कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याने पाणी उपसत बसली. तोवर बाकीच्यांची शर्यत संपलेली. ती एकटीच हळूहळू आली. शर्यत पूर्ण करणाऱ्यांत शेवटची. सोडून दिलेल्यांना धरलं तर शेवटून चौथी, आणि आमच्या घरात तेवढं धरलं जातं. सर्टिफिकेट सगळ्यांनाच होतं.

परतताना तिने गाडीत झोप काढली. ट्रिप म्हणून विचाराल तर: रस्ता वाईट, खाणं त्याहून वाईट, फोटो एकही बरा नाही, टॉयलेटचं विचारू नका. तरी जा. आपलं मूल आपल्या हाताबाहेर किती लांब जातं, ते एवढं स्पष्ट कुठे दिसत नाही.

रात्री वरणभात खाताना संदीपने विचारलं, “शिडाखाली असताना घाबरलीस?”

“हो. सगळं पांढरं दिसतं. कुठून बाहेर जायचं कळतच नाही.”

“मग बोटीत का नाही आलीस?”

जुईने भात कालवला. “मी वर आले तर तू उभा होतास. मला वाटलं, आता हा उडी मारणार. याला तर पोहता येत नाही. म्हणून पटकन नको म्हटलं.”

संदीपने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “मारणारच होतो.”

“माहितीये,” जुई म्हणाली, आणि तिने तुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली.