आजारी पडायची परवानगी

आमच्या घरात आजारी पडायची सोय नव्हती. आई आशागडला एका शेठच्या चिकूवाडीत रोजाने जायची, बाबा अच्छाडला ट्रक भरायचे. एक दिवस घरी बसलं की मजुरी गेली. दोन दिवस बसलं की जागाच गेली. मुकादम दुसऱ्या बाईला घेऊन मोकळा. म्हणून ताप आला की अंगावर काढायचा. आई डोक्याला फडकं आवळून कामावर निघायची. संध्याकाळी विचारलं तर म्हणायची, "व्हता ताप, उतरला." मुकादमाला घाबरून उतरत असावा.

एवढं शिकून मी प्लेसमेंटवर हॉलंडला गेले. बी.एस्सी. अ‍ॅग्री, घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी न विचारताही सांगते. प्लेसमेंट म्हणजे पदवीनंतरच्या कोर्सचाच भाग. काही महिने परदेशी कंपनीत राबून शिकायचं. माझ्या वाट्याला काचेचं ग्रीनहाऊस आलं. पीक कोणतं, तर ढोबळी मिरची. आमच्या डहाणूत शेडनेटच्या जाळीखाली हवी तेवढी पिकते, तीच बघायला मला विमानाने पाठवलं होतं.

पहिला महिना प्रोबेशनचा. सुपरवायझरचा शेरा वाईट आला की प्लेसमेंट रद्द आणि परतीचं विमान. मी निघताना आईने अख्ख्या पाड्याला जेवण घातलं होतं. परतून तोंड कुणाला दाखवणार?

काचेच्या आत घाम निथळायचा, बाहेर हाडं गोठवणारा वारा. खोलीपर्यंत सायकल. दुसऱ्याच आठवड्यात सपाटून ताप भरला. क्लिनिकला फोन केला. पलीकडची बाई अगदी गोड. म्हणाली, "पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या. उतरला नाही तर पुन्हा फोन करा."

"डॉक्टर बघणार नाहीत?"

"तापासाठी?" तिला खरंच आश्चर्य वाटलं.

त्याच दिवशी ग्रीनहाऊसमध्ये एका झाडाची पानं आकसलेली दिसली. तासाभरात गाडीतून तज्ज्ञ हजर. त्यांनी भिंग काढलं, पान उलटंपालटं करून बघितलं, खाली वाकून फुलकिडे शोधले. मिरचीचा हेवा वाटण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी रीतीप्रमाणे कामावर गेले. तिथे मिरची माणसापेक्षा उंच वाढते. ओळीतल्या रुळांवर वर-खाली होणारी ट्रॉली असते. तिच्यावर उभं राहून प्रत्येक फांदीचा वाढता शेंडा टांगलेल्या दोरीला गुंडाळायचा. काम सोपं, पण शेंडा मोडला की त्या फांदीची वाढ तिथेच थांबली. ताप तसाच होता. एक मोडला. दुसरा मोडला. मी ते खिशात घातले. खिसा भरत आला तेव्हा खालून मार्टिनचा आवाज आला. हाच माझा सुपरवायझर.

"खाली ये. ताप आहे तुला?"

"थोडासा. पण मी काम करू शकते, सर."

"मार्टिन म्हण."

"करू शकते, मार्टिन सर."

"ताप असताना कामावर यायला कुणी सांगितलं?"

ताप असताना घरी बसायला कुणी सांगितलं, हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचं उत्तर पाठ होतं. याचं नव्हतं.

"माझा ताप मिरचीला लागत नाही," मी म्हटलं. पदवी अगदीच वाया जायला नको.

"माणसांना लागतो. आणि वरून पडली असतीस. घरी जा."

संपलं. खोलीवर येऊन मी बॅग भरली आणि आईला फोन लावला.

"आई, मला कामावरून घरी पाठवलं."

"दुसरी बाई घेतली तुझ्या जागेवर?"

"घेतलीच असेल."

"पाया पडायचं व्हतंस गो."

"इथे कुणी पाया पडत नाही, आई."

"मग माफ कसं करतात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्टिन दाराशी आला. संत्र्यांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून चार पावलं मागे सरकला. मग त्याला बॅग दिसली.

"कुठे निघालीस?"

"माझ्या जागी कुणाला घेतलं?"

"तुझ्या ओळीत? कुणालाच नाही. राहिलेले शेंडे मी गुंडाळले. माझ्याकडूनही दोन मोडले."

"आणि स्टायपेंड?"

"चालूच आहे. ही आजारपणाची रजा. कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, वाचलं नाहीस?"

वाचलं होतं. शोभेला लिहिलं असेल असं वाटलं होतं.

बॅग रिकामी केली, संत्री खाल्ली, ताप उतरला. महिनाअखेरीला शेरा आला: काम चांगलं, आपण होऊन काही सांगत नाही. पास.

आता मी तलासरीत शेडनेट भाड्याने घेऊन मिरची लावते आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना सल्लाही देते. कामाला बायका येतात, त्यांत आईही आहे. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती डोक्याला फडकं आवळून आली. मी कपाळाला हात लावला.

"घरी जा. मजुरी पूर्ण मिळेल."

"काय चुकलं माझं?"

"काही नाही. ताप आहे तुला."

ती गेली. जाताना वाटेत भेटेल त्याला सांगत गेली की पोटच्या पोरीने कामावरून काढलं, मुकादम परवडला.

बरी होऊन आली ती माझ्याशी न बोलता थेट तिच्या ओळीत शिरली. तिथे कोण उभं आहे ते बघायला. कुणी नव्हतं.

"कुणीच हात नाय लावला?"

"तुझी ओळ आहे ना."

"मग शेंडे किती लोंबलेत बघ. शिकलेली म्हणे," असं म्हणून ती कामाला लागली.

आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. पगारी रजेवर आजारी पडलेल्या आता दोघी आहेत.