निल म्हणजे किती

वाशिंदच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. माल संपला की शिल्लकेच्या रकान्यात ‘निल’ लिहायचं. नुसतं शून्य लिहिलं तर त्याच्या आधी कुणी आकडा चिकटवू शकतो, म्हणून निल, असं मला रुजू होताना सांगितलं गेलं. पुढे त्या शब्दाचा कधी विचार केला नाही.

गेल्या वर्षी वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन शहापूरला ठरलं. सर्जन बाहेरून येत, फक्त गुरुवारी. वडिलांना इतकं दुखायचं की आठ दिवस ते पाय पोटाशी घेऊन पडून होते. बुधवारी संध्याकाळी त्यांना दाखल केल्यावर सिस्टरनी बजावलं, रात्री दहानंतर पोटात काही जाऊ द्यायचं नाही. मी वडिलांना सांगितलं, “बाबा, उद्यापर्यंत काय खायाचं नाय.”

सकाळी मी रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलो, तेवढ्यात मुरबाडकडची आत्या जीपने आली. परतलो तर वडिलांच्या उशाशी बसून बोलत होती. थोड्या वेळाने सिस्टर फॉर्म घेऊन आल्या.

“दहानंतर काय दिलंत?”

“निल,” मी म्हणालो आणि सही केली.

स्ट्रेचर आलं. आत्या म्हणाली, “जा दादा, बिनघोर जा. उपाशी नाय धाडला तुला.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“पेज आनलेली ना. दोन वाट्या प्याला.”

“आत्या, काय द्यायचं नव्हतं!”

“खायाला कुठं दिलं रे? पेज ती. पानीच की.”

वडीलही म्हणाले, “मी खाल्लं नाय. तूच बोललास, खायाचं नाय.”

दोघंही खरं बोलत होती. आमच्याकडे सकाळी पेज पिऊन शेतावर गेलेला माणूस दुपारी ‘अजून काही खाल्लं नाही’ असंच सांगतो, आणि ते कुणाला खोटं वाटत नाही. मला हे ठाऊक होतं. तरी ‘प्यायचंही नाही’ हे माझ्या तोंडून गेलं नव्हतं.

डॉक्टरांना सांगावंच लागलं. भूल देणारे डॉक्टर रागावले नाहीत. भुलीत पेज उलटून फुप्फुसात गेली असती, एवढंच म्हणाले. सर्जनना दुपारी दुसरीकडे जायचं होतं. पुढचा गुरुवार मिळाला. तोवर उलट्या झाल्या तर लगेच आणा, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं.

घरी कॉलेजात जाणाऱ्या मुलीने फोनवर त्या शब्दाचं मूळ शोधलं. निल हा लॅटिनमधल्या ‘निहिल’चा आखूड झालेला शब्द. त्यातला ‘हिलुम’ म्हणजे अगदी क्षुल्लक वस्तू. कडधान्याचा दाणा शेंगेला जिथे चिकटलेला असतो, तिथली खूण, असं जुने जाणकार सांगत. तेवढंसुद्धा नाही, ते निल.

“म्हणजे वालाच्या दाण्यावरची पांढरी रेघ,” मी म्हणालो.

बियाण्याच्या वालातला एक दाणा काढून मी पट्टीवर धरला. रेघ सेंटिमीटरभरही नव्हती. आणि मी दोन वाट्यांना निल म्हणून सही केली होती. आतल्या खोलीत वडील कण्हत होते. दर तासाला मी जाऊन उलटी झाली का विचारायचो. त्याखेरीज करण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी खाटेपासून हललो नाही. या वेळी मी पाणीही बंद ठेवलं होतं. आधीचं ऑपरेशन लांबलं आणि नऊची वेळ साडेअकरावर गेली. वडिलांचे ओठ सुकून पांढरे पडले.

“पानी दे रे. घोटभर.”

“नाय, बाबा.”

“जीभ भिजवाया तरी.”

सिस्टरना विचारलं. थांबा म्हणाल्या. आत्या दाराशी उभी होती, हात रिकामे. ती आत आली नाही. वडिलांनी माझ्याकडे पाठ केली.

शेवटी सिस्टर फॉर्म घेऊन आल्या आणि काय दिलंत म्हणून विचारलं. भिंतीकडे बघत वडीलच म्हणाले, “नाय दिलं. ह्यानं काय नाय दिलं मला.”