मले दिसली देवयानी

"आधी 'मला' म्हणायला शीक. मग दुर्बीण मिळेल."

बाईंनी दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली. सतरंजीवरची पोरं हसली. सगळ्यात मोठ्यानं देवयानी.

देवयानी बाईंची मुलगी. बाप इंजिनीअर, पुण्याहून आलेला. भिलाईचा पोलादाचा प्लांट तेव्हा उभा होत होता. त्यांचा बंगला साहेबांच्या सेक्टरमध्ये, आमची झोपडी मजुरांच्या कॅम्पात. माय बांधकामावर रेजा, म्हणजे मजूरबाई. दिवसभर डोक्यावर गिट्टीचं घमेलं. रविवारी संध्याकाळी बाई अंगणात मराठी मुलांना आकाश शिकवायच्या. माझं आडनाव ऐकलं आणि मला शेवटी बसवलं.

त्या दिवशी त्या सांगत होत्या, "वर तो धुरकट ठिपका शोधा. तो तारा नाही. ती देवयानी, आपल्या आकाशगंगेची शेजारीण. अब्जावधी ताऱ्यांची, भोवऱ्यासारखी दीर्घिका. रोखून पाहिलं तर हरवते. नजर जरा बाजूला ठेवा."

मी जळले. हिला बूट, हिला रिबिनी, हिच्या डब्यात शिरा. आता आकाशातही हिचंच नाव! माझं नाव आजीनं कचऱ्यावरून ठेवलेलं, पोर दगावू नये म्हणून.

पण तिरप्या नजरेनं पाहायची मला सवय होती. देवयानीच्या बुटांकडे मी तशीच पाहायची. दुर्बीण हातात आली, डोळ्याला लावायच्या आधीच तो ठिपका मला दिसला. मी ओरडले, "बाई, मले दिसली! मले दिसून राहिली!"

तेव्हाच त्यांनी दुर्बीण काढून घेतली.

"म्हण, मला."

मला 'मला' येत होतं. पुस्तकात वाचलेलं. एक शब्द बोलले असते तर दुर्बीण परत मिळाली असती. जीव तुटत होता तिच्यासाठी. पण 'मले' माझ्या मायचं होतं, आणि ही सगळी तिलाच हसत होती.

"मले नाही पाहिजे," म्हटलं आणि उठले.

रस्ताभर रडले. जळफळाट गेला नाही. आजही नाही. त्या दिवशी दुर्बिणीतून ती दीर्घिका कशी दिसत होती, ते देवयानीला माहीत आहे, मला नाही.

कॅम्पात दिवे नव्हते. चुलीपुढून मायला ओढत बाहेर आणलं.

"सरळ नोको पाहू, माय. जरा बाजूले पाह्य."

ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "काय आहे वं थे?"

मी सगळं सांगितलं, तिच्याच बोलीत. आणि तिथंच ठरवलं. मी आकाश शिकवीन. कॅम्पातल्या पोरींना पुढं बसवून शिकवीन. 'मले दिसली' म्हणणाऱ्या पोरीच्या हातातून दुर्बीण कोणी काढून घेणार नाही.