दशरथची पंचवीस कार्डं

गंगाखेडच्या स्टँडवर माझी पत्र्याची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली ती दशरथने. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मी सहायक होतो, तो शिपाई. खाली वडील कंडक्टरला सांगत होते, “पोरगं पुण्याला कंप्युटर शिकायला जायलंय, म्होरची सीट द्या.” कंडक्टर हसला आणि पुढची सीट दिली. दशरथ खिडकीपाशी आला, हात हलवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला. मी पाकिटात तिकीट शोधत बसलो.

गावाकडचे आणि पुण्यातले आपले लोक आजही मला जिल्ह्यातला पहिला संगणकवाला ग्रंथपाल म्हणतात. त्यासाठी हे लिहितोय.

तेव्हा नामांतराची धग विझली नव्हती. तालुक्यात दगडफेक झाली आणि दशरथच्या आईने पंधरा दिवस त्याला वस्तीबाहेर पडू दिलं नाही. नेमक्या त्याच दिवसांत पुण्याहून पत्र आलं. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, आमच्या कॉलेजला एक जागा. ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा झालेल्या कुणालाही अर्ज करता येणार होता. सोबत स्वतः केलेली पंचवीस तालिका कार्डं जोडायची होती. पुस्तक कोणत्या विषयात बसतं, कुठे सापडेल, हे सांगणारी ती कार्डं नीट करणं सोपं नसतं. प्रमाणपत्र आम्हा दोघांकडेही होतं. पण माझी कार्डं प्राचार्य परत पाठवायचे, दशरथची ठेवून घ्यायचे.

त्याला निरोप पाठवता आला असता. त्याच्या वस्तीवरून रोज एक दूधवाला यायचा. मी दशरथचा खण उघडला, पंचवीस कार्डं काढली आणि अर्जाला माझं नाव लावलं.

पुण्यात चांगलं चाललं. जाहिरातींत ‘संगणकाचे ज्ञान असल्यास प्राधान्य’ असं यायला लागलं होतं आणि तसं ज्ञान असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मला लगेच नोकरी लागली. वातानुकूलित खोली, फ्लॉपी, काचेचं दार. धुळीच्या भीतीने खिडक्या कायमच्या बंद. त्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षं काढली.

पहिल्या दिवाळीला गावी आलो तेव्हा दशरथ भेटला. चहा त्यानेच पाजला. मग म्हणाला, “सर, कार्डं नेली ते कळलं होतं मला. पेटी चढवायच्या आधीच. मागितली असती तर मीच बांधून दिली असती.” तो पुढे म्हणाला, “जाऊ द्या. तिथं काय शिकवायलेत तेवढं लिहून धाडा. मी बी शिकतो.”

मी एक ओळ लिहून पाठवली नाही. वेळ नव्हता असं वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. खरं हे, की तो शिकला असता तर माझ्यापुढे गेला असता आणि सगळ्यांना दिसलं असतं. पुढे कॉलेजात संगणक आला तेव्हा बाहेरून शिकलेली मुलगी नेमली. दशरथ शिपाई म्हणूनच निवृत्त झाला.

त्याने भांडण केलं असतं, चार लोकांत सांगितलं असतं, तर मी सुटलो असतो. त्याने कुणालाही सांगितलं नाही.

वडील गेल्यावर गावातलं घर विकलं. आता गाव म्हणजे दशरथच्या दारचा ओटा. तिथे बसून हे तोंडाने सांगण्याची हिंमत असती, तर लिहायला घेतलं नसतं.