न जुळणारा प्रोसेसर

मुरबाडच्या एका लहान धर्मादाय रुग्णालयात मी संगणकाचं काम पाहते. राहायला शहापूरला, किन्हवलीमार्गे स्कूटरवर रोजचं जाणं-येणं. केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा असं रुग्णालयाचं सगळं एका जुन्या सर्व्हरवर चालायचं. खोका एकच, पण त्याच्या आत स्वतंत्र संगणक असल्यासारखी वेगवेगळी कामं चालतात. त्यांना आम्ही व्हर्च्युअल मशीन म्हणतो.

त्या पावसाळ्याच्या शेवटी सर्व्हरचा पंखा करकरायला लागला. दोनदा तर तो कामाच्या वेळेत आपोआप बंद पडला. मी तक्रार लावून धरली, तेव्हा विश्वस्तांनी मला न विचारताच नवा सर्व्हर आणला. खोका उघडायच्या आधीच म्हणाले, "आजच्या आज सगळं यावर न्या. रुग्णालयाचं काम थांबता कामा नये. पुरवठादार म्हणाला, मशीन चालू असतानाच पलीकडे जातं."

"जातं, साहेब. पण दोन्हीकडचे प्रोसेसर जुळले तर. आधी तपासते."

दोन्ही सर्व्हरवर प्रोसेसरची माहिती काढली आणि शेजारी शेजारी लावून पाहिली. जुना एका कंपनीचा, नवा दुसरीचा. मशीन सुरू होतं तेव्हा खालच्या प्रोसेसरला कोणकोणत्या आज्ञा कळतात ते एकदा पाहून घेतं आणि बंद होईपर्यंत त्याच भरवशावर चालतं. चालू असताना त्याला दुसऱ्या प्रोसेसरवर नेलं आणि तिथे न कळणारी आज्ञा त्याने दिली, की ते जागच्या जागी थांबतं. मी हे सांगितलं. विश्वस्तांनी पुरवठादाराला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"होतंय मॅडम, बिनधास्त करा. प्रोसेसर जुळत नसल्याचा इशारा नेहमीच येतो. पुढे जायचं," तो म्हणाला.

वाद घालण्यापेक्षा मी एक रिकामं मशीन बनवलं आणि साहेबांसमोरच ते पलीकडे पाठवलं. गेलं. क्षणभर चाललंही. मग पडद्यावरचं घड्याळ थबकलं ते पुढे सरकेचना.

साहेबांनी फोन ठेवून दिला. "मग आता?"

"बंद करून न्यावं लागेल. अख्खी दुपार जाईल."

"तर मग रविवारी करा." आणि दारातून जाता जाता, "तुम्हा लोकांना नवं काही आणलं की आधी अडचणीच दिसतात."

ते बोलणं मला लागलं. रविवारी घरून निघाले तेव्हाही डोक्यात तेच होतं. दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालू होती आणि माझं तिकडे लक्ष नव्हतं.

प्रत्येक वॉर्डात जाऊन सांगितलं की संध्याकाळपर्यंत कागदावर लिहा. आदल्या दिवशी सगळ्याची प्रत काढून ठेवली होती. जेवणं आटोपल्यावर केसपेपरचं मशीन बंद केलं आणि ते नव्या सर्व्हरवर उतरवायला घेतलं.

निम्मं उतरलं असेल, तेवढ्यात सिद्धगडाखालच्या पाड्यावरून जीप आली. कापणी करताना एका बाईला घोणस चावली होती. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेऊन ठेवलं, पण ते गोठेना. विषावरची लस द्यावीच लागणार होती. सोबत तिची नणंद होती. ती म्हणाली, "मागं पन साप चावला व्हता हिला. तवा सुई दिली न् आख्ख्या अंगावर गांधी उठल्या. श्वास घेता येत नवता."

"कुठे दिली होती सुई?" डॉक्टरांनी विचारलं.

"हितंच असंल. नायतर शहापूरला. मी नवती तवा."

गडबड ऐकून मी दारात आले होते; डॉक्टर माझ्याकडे वळले. "तिचा जुना केसपेपर काढा. तेव्हा काय झालं आणि कशाने सावरली, ते हवंय."

"डॉक्टर, मशीन बंद आहे."

"किती वेळ लागेल?"

"नव्यावर तासाच्या वर. जुन्यावर परत चालू केलं तर लवकर होईल. पण जुना सर्व्हर मध्येच बंद पडणार नाही, याची खात्री नाही."

"करा. मी मात्र थांबू शकत नाही."

मी उतरवणं मध्येच तोडलं आणि मशीन जुन्यावर सुरू करायला लावलं. डिस्क खरडल्यासारखी वाजत होती. आदल्या दिवशीची प्रत होती खरी, पण ती उघडायला संध्याकाळ झाली असती. खिडकीतून वॉर्ड दिसत होता. डॉक्टरांनी रिॲक्शनवरचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवलं होतं आणि लसीचं सलाईन अगदी हळू सोडलं होतं.

मशीन उठलं. नाव टाकलं, काही नाही. वेगळ्या तऱ्हेने लिहून पाहिलं, पाड्याचं नाव टाकलं, नवऱ्याचं टाकलं. कुठेच काही नव्हतं. ती आमच्याकडे कधी आलीच नव्हती.

मी जाऊन सांगितलं. डॉक्टर वर न पाहता "बरं" म्हणाले. बाईच्या गळ्यावर गांधी उठायला लागल्या होत्या. त्यांनी सलाईन थांबवलं, तयार ठेवलेलं इंजेक्शन दिलं, आणि श्वास सुधारल्यावर पुन्हा थेंब थेंब सुरू केलं. नणंद पायाशी उभी राहून तिला सारखी हाक मारत होती. संध्याकाळपर्यंत रक्त गोठायला लागलं, पण लघवी होईना, म्हणून तिला कल्याणला पाठवलं.

विश्वस्त आले. "म्हणजे आज काहीच हललं नाही?"

"नाही."

ते परत गेले. वॉर्डातल्या मावशींनी चहा पुढे केला. "घे गो, तोंड सुकलंय तुझं." मी तो उभ्या उभ्याच प्यायले.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळं बंद केलं. ती पूर्ण दुपार मी दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत होते. कुणी आलं नाही. मशीन नव्यावर उतरलं, सुरू झालं, नीट चाललं.

त्यानंतर काही दिवसांनी ती नणंद कसला तरी दाखला न्यायला आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "हाय ती. मशीनवर रक्त धुतात. डॉक्टर बोलतात, किडनी सुधरंल."

मी मान हलवली. ती जायला निघाली, मग थांबली.

"त्या दिशी तुमचं बंद पडलं व्हतं, ते चालू झालं का गो?"

"झालं," मी म्हणाले. ते बंद पडलं नव्हतं, मी बंद केलं होतं, हे तिला सांगावंसं वाटलं. पण तिची एसटी लागली होती, आणि ती निघून गेली.