कमरेवरचे परके हात

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने माझ्या दुखऱ्या कमरेचा एकेक मणका अंगठ्याने दाबून पाहिला. नंतर मी चिनी मालीश शिकून आलेल्या बाईंकडे गेले. त्यांनी हाताची पाठ स्नायूंवर लाटण्यासारखी फिरवली. आराम दोघींमुळे पडला.

“आई, खरा उपचार कोणता ते एकदा ठरव,” मुलगा म्हणाला. “आणि या वयात ढोलपथक पुरे.”

मला हसू आलं. ते परके हात दरवेळी दाबण्याआधी थांबायचे. “इथे दुखतं का?” घरच्यांनी मात्र न विचारताच निकाल दिला होता.

“कंबर माझी आहे,” मी म्हणाले. “दोघींकडे जाईन. त्या ढोल हलका घ्या म्हणाल्या, सोडा म्हणाल्या नाहीत.”

संध्याकाळी सरावाला गेले, हलका ढोल कमरेला बांधला आणि पहिला ठोका असा दिला की शेजारची पोरगी दचकली.